सात नंबरचा बिल्ला

"परीक्षा एकट्याची आहे," मी म्हणालो. "बाईंना होडीतून उतरावं लागेल."

लहानू नगरे पुढच्या फळीवर ताठ बसला होता. डोक्याला कडक इस्त्रीची पांढरी टोपी, अंगात लग्नाला घालायचा असावा असा सदरा. मागच्या टोकाला त्याची बायको हौसाबाई वल्हं घेऊन बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही आणि नवऱ्याकडेही नाही, पण वल्ह्यावरची मूठ आवळली.

"उतरंल की," लहानू म्हणाला. "पर मंग होडी कोन चालवनार? माझा गुडघा धरलाय, उजवा. तुमी वल्हवनार असाल तर माझी ना न्हाई."

मला वल्हवता येत नव्हतं. शिवाय पायात नवे कोरे कॅनव्हासचे बूट होते. मी थोडा वेळ विचार केल्यासारखं दाखवलं आणि म्हणालो, "बरं, बसू द्या. पण त्यांनी मधे एक शब्द बोलायचा नाही."

"ती बोलतच न्हाई," लहानू म्हणाला. "पावण्यांम्होरं तर न्हाईच न्हाई."

सकाळी घाटावरून उतरताना हा माणूस बायकोच्या खांद्यावर हात ठेवून डाव्या पायाने लंगडत आला होता, असं मला पुसटसं आठवलं. पण परीक्षकाने असल्या क्षुल्लक गोष्टींत लक्ष घालू नये, अशी माझी तेव्हाची समजूत होती.

या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली. मी तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होतो. पक्ष्यांवर माझे तीन लेख छापून आले होते. ते कुणी वाचल्याचं ऐकिवात नव्हतं, तरी मी स्वतःला त्या विषयातला फार मोठा माणूस समजत असे. कोंढारवाडीच्या धरणाच्या फुगवट्याला त्याच वर्षी पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात तिथे हजारो पाखरं उतरायची. कच्छाकडून रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, यायचे, हिमालय ओलांडून पट्टकादंब हंस यायचे आणि बदकांची तर गणतीच नसायची. गावातली भोयांची घरं मासेमारी सांभाळून येणाऱ्या-जाणाऱ्यांना होडीतून पाखरं दाखवत. वनखात्याने आता नियम काढला होता. ज्याच्या छातीवर वाटाड्याचा बिल्ला, त्यानेच पाहुणे न्यायचे. बिल्ल्यासाठी परीक्षा, आणि परीक्षक मी. वीस पाखरं ओळखायची आणि त्यांतली बारा बरोबर आली की पास.

सात अर्ज आले होते. सहा जणांची परीक्षा दोन दिवसांत उरकली, चार पास झाले. सातवा लहानू. बाकीचे सगळे एका सुरात सांगत होते, "लहानूची नजर बगा सर. त्याच्यावानी नजर पंचक्रोशीत न्हाई."

घाट सोडताना मी सहज विचारलं, "बिल्ला नाही मिळाला तर काय करणार, लहानूभाऊ?"

"होडी अंगनात पालथी घालीन अन् तिच्यावर बसीन," तो म्हणाला. "आट दिसांत मरंन."

तो हसत म्हणाला, पण हौसाबाईचं वल्हं मधेच थांबलं. मला वाटलं, तिला ते मरणाचं बोलणं आवडलं नसावं.

जानेवारीचा महिना होता आणि आभाळ आलं होतं. पाणी आणि आकाश एकाच राखाडी रंगाचं. मी दुर्बीण गळ्यात अडकवली, मांडीवर फॉर्म ठेवला आणि पेन्सिलीला टोक आहे ना ते बघितलं.

मागून ठक असा आवाज आला.

"डावीकडं बगा, सर," लहानू म्हणाला. "थापट्या. फावड्यावानी चोच असती त्याची. चोच पान्यात घालून गाळून खातंय."

मी दुर्बीण लावली. थापट्या बदकंच होती, दीडशे हात लांब. नुसत्या डोळ्यांनी मला ती ठिपक्यांसारखी दिसत होती. मी फॉर्मवर पहिली खूण केली.

ठक, ठक.

"उजवीकडं शेकाट्या. तांबडं लांब पाय. चार हायती."

चारच होते. मी मागे वळून बघितलं. हौसाबाई वल्ह्याची मूठ होडीच्या काठावर आपटत होती.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"सवय हाय तिच्या हाताला," लहानू म्हणाला. "जाळं टाकलं की मासा हाकलाय होडी वाजवावी लागती. तीस वर्सं वाजवतीय. आता जाळं नसलं तरी हात गप बसत न्हाई."

ते खरं होतं. होडी ठोकून मासा जाळ्याकडे पळवण्याची त्या लोकांची रीतच होती, सकाळभर सगळ्या पाण्यावर ते ठोके ऐकू येत. पाखरंही त्याला सरावलेली. मी मान डोलावली.

आणि मग लहानूने असा काही सपाटा लावला की माझी पेन्सिल पुरेना. चांदवा, चित्रबलाक, सुरय, राखी बगळा. मी दुर्बीण लावायच्या आत याचं नाव तयार. नुसतं नाव नाही, किती आहेत, काय करताहेत, सगळं. पट्टकादंबांचा थवा दूरवरच्या गाळावर बसला होता. "अकरा हायती," तो म्हणाला, "अन् त्यांतला एकजन लंगडतोय." मी पूर्ण दोन मिनिटं शोधलं तेव्हा तो लंगडणारा सापडला. चौदा पाखरं झाली, चौदाही बरोबर. मला कौतुक वाटलं आणि, खोटं कशाला बोलू, थोडा हेवाही वाटला. माझ्याकडे परदेशी दुर्बीण होती आणि या माणसाकडे नुसते दोन डोळे.

पंधरावं पाखरू यायचं होतं तेव्हा आम्ही बुडीत बाभळींच्या भागात शिरलो. धरण भरलं तेव्हा पाण्याखाली गेलेली ती झाडं, खोडं फक्त वर राहिलेली. मागून दोन ठोके आले, डाव्या काठावर, आणि त्यांच्यामागे मूठ काठावर लांबवर घासल्याचा आवाज.

लहानूचा चेहरा खुलला. तो फळीवर उभा राहिला.

"आता बगा, सर," तो म्हणाला. "आता आमच्या पान्याचा राजा. रोहित."

डावीकडे खरोखरच रोहितांची रांग होती. दोनशे तरी असतील. तेवढ्यात होडी एका खोडावर अडकली. हौसाबाईने वल्हं टाकलं, दोन्ही हातांनी बांबू उचलला आणि जोर लावला. होडी खोडावरून सुटली, पण सुटताना हळूच अर्धी फिरली. रोहित आता आमच्या उजव्या हाताला आले.

लहानूचा डावा हात तसाच लांब केलेला होता.

"ती गुलाबी झाक बगा," तो म्हणाला. "काय रंग दिलाय देवानं."

मी त्याच्या हाताच्या दिशेने बघितलं. तिकडे काठावर पाण्याची मोटार होती आणि कमरेला तांबडा पंचा लावलेला एक माणूस म्हैस धूत होता.

"मान कशी वाकडी करून खातंय," लहानू सांगत होता. "पाय बगा, कसं नाजूक. एका पायावर उभं ऱ्हातंय तासन् तास. समदे पावणे हितं आले की गप व्हत्यात, सर. तुमी पन झालासा न्हवं?"

मी झालो होतो खरा.

मागे हौसाबाई दोन्ही हातांत बांबू धरून उभी होती. ती नवऱ्याच्या त्या लांब केलेल्या हाताकडे बघत होती. मग तिने माझ्याकडे बघितलं, सकाळपासून पहिल्यांदाच. बांबू होडीत आडवा ठेवला, खाली वाकून वल्हं उचललं, त्याच्या मुठीने उजव्या काठावर दोनदा ठोकलं आणि मूठ घासली. फार हळू ठोकलं, पण त्या शांततेत ते मलाही ऐकू आलं.

लहानूचा हात थांबला. मग तो सावकाश खाली आला आणि तो फळीवर बसला.

"होडी फिरली व्हय गं?" त्याने विचारलं.

"फिरली," ती म्हणाली.

"मंग म्या कुनाला राजा म्हनलं?"

"शिरपाच्या म्हशीला."

मी हसलो नाही. मला त्या वेळी फार राग आला होता. तासभर मी याच्या नजरेवर खुणा करत बसलो होतो आणि याला नजरच नव्हती.

"काही दिसतं का तुम्हाला?" मी विचारलं.

"उजेड दिसतो," तो म्हणाला. "सावली हालली तर कळती. बाकी धुकं."

"किती वर्षं झाली?"

"चार. मोतीबिंदू हाय म्हनत्यात. ऊन असतं तर घावलो नसतो, सर. ऊन गालावर कुठं लागतंय त्यावरनं मला होडीचं त्वांड कळतं. आज आभाळ बेइमान झालं."

"आणि गुडघा?"

"गुडघं दोनी चांगलं हायती. हिच्या खांद्याला धरून चालायचं तर काय तरी सांगाय नगं का लोकांला?"

"सकाळी तुम्ही डाव्या पायाने लंगडत होता. मला उजवा सांगितलात."

"रोज सांगती," हौसाबाई म्हणाली, "कंचा तरी एकच धरा."

इतकं सरळ ती बोलली की माझा राग निम्मा उतरला. तरी मी फॉर्म वर धरला. "लहानूभाऊ, मला हे रद्द करावं लागेल. पाखरू दिसत नाही त्याला वाटाड्याचा बिल्ला कसा द्यायचा? तुम्ही डोळ्यांचं ऑपरेशन का नाही केलंत?"

"डोळ्यात सुरी घालत्यात," तो म्हणाला. मघाचा ऐटीचा आवाज आता राहिला नव्हता. "माझ्यानं न्हाई व्हायचं ते."

"अर्ध्या तासाचं काम आहे. घाबरायचं काय त्यात?"

"तुमचं काय जातंय, सर. डोळं माझं हायती."

होडी आपली आपण हलत होती. मी फॉर्मवर आडवी रेघ मारायला पेन्सिल टेकवली, आणि हौसाबाईने पदर डोक्यावर सारखा केला.

"सर, एक इचारू?" ती म्हणाली. "तुमी तिथं चौदा खुना केल्यासा. त्या खोट्या हायत्या का?"

"नाही. पाखरं बरोबर होती."

"पाखरं म्या बगितली. नावं ह्यांनी घेतली. मंग नापास कोन?"

वर्गात चाळीस पोरांना गप्प करणारा मी, पेन्सिल उचलून त्या चौदा खुणा परत मोजत बसलो. ठोका म्हणजे फक्त डावं-उजवं नव्हतं, हे माझ्या आता लक्षात येत होतं. एक ठोका बदकांचा, दोन लांब पायांच्या पाखरांचे, तीन शिकारी पाखरांचे, घासणं, टिचकी, थांबून ठोकणं. त्या दोघांनी चार वर्षांत घरात बसून ती अख्खी बाराखडी तयार केली होती. आणि हे सगळं लंगडणाऱ्या पट्टकादंबासकट.

"तुम्हाला नावं कुणी शिकवली?" मी विचारलं.

"ह्यांनीच. डोळं व्हतं तवा. रोज रातच्याला भाकरी थापताना इचारायचं, आज काय काय बगितलंस सांग. चुकलं की हसायचं."

"मग राहिलेली सहा तुम्ही सांगा. ठोकायचं नाही. तोंडाने."

ती गडबडली. वल्हं उचललं, परत ठेवलं. तीस वर्षं त्या पाण्यावर काढलेली बाई, पण पाहुण्यासमोर तोंड उघडायचं म्हटल्यावर तिच्या कपाळावर घाम आला. पहिल्या पाखराला तिचा हात नकळत काठाकडे गेलाच.

"हात वर," लहानू पुढून म्हणाला. त्याला दिसत नव्हतं, पण त्याला माहीत होतं. "बोल की. मला सांगतीस तसं सांग. सर हायतीच न्हाई असं समज."

"रोहित," ती म्हणाली. "उजवीकडं. दोनशेच्या वर. पल्याडच्या अंगाला पिलं हायती, ती अजून राखी हायती, रंग चडला न्हाई."

कुणी सांगितलं नसतानाही मी दुर्बीण लावली. पिल्लं होती. आता ती नुसतं नाव घेऊन थांबत नव्हती. धोबी, तुतवार, चक्रवाक, उघडचोच. प्रत्येक नावानंतर लहानू मांडीवर थाप मारत होता, जणू परीक्षा त्याच्या लेकीची होती.

विसावं पाखरू एका खोडाच्या टोकावर बसलं होतं, मोठं, तपकिरी. मी दुर्बिणीतून बघून मनात उत्तर ठरवून ठेवलं: दलदल ससाणा.

"मीनखाई घार," हौसाबाई म्हणाली.

"नीट बघा," मी म्हणालो. परीक्षकाचा थोडा तरी मान राखायला हवा होता.

"नीटच बगतीया. पायाखाली मासा हाय तिच्या. मरळ हाय, दीड ईत तरी असंल. ससाना मासा न्हाई धरत, सर."

मी परत दुर्बीण लावली. घारीने मान खाली घातली आणि माशाचा तुकडा तोडला. मी दुर्बीण काढून पुसली, तिचा काही दोष नव्हता तरी.

"वीसपैकी वीस," मी म्हणालो.

"बगा," लहानू आभाळाकडे तोंड करून म्हणाला. "म्या शिकवलंय."

घाटावर वनपाल जाधव टेबल मांडून बसले होते. मी सात नंबरच्या फॉर्मवरचं नाव खोडून वर हौसाबाई लहानू नगरे असं लिहिलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"बाई? सर, असं कसं? बाईमाणूस वाटाड्या?"

"नियमात पुरुष असं कुठे लिहिलंय ते दाखवा," मी म्हणालो.

त्यांनी खरोखर सगळी पानं उलटून बघितली. तसं काही लिहिलेलं नव्हतं. मग त्यांनी सात नंबरचा बिल्ला काढून दिला आणि हौसाबाईने तो दोन्ही हातांत घेतला. पदराला लावायचा की चोळीला, हे काही तिला कळेना. शेवटी लहानूने चाचपून तो तिच्या खांद्यावर, जिथे तो रोज हात ठेवत असे त्याच्या जरा खाली, टाचून दिला.

"अन् माझं काय?" त्याने मला विचारलं.

"तुम्ही डोळे करून या. मी स्वतः परीक्षा घेईन."

त्याने महिनाभर टाळाटाळ केली, असं मला नंतर कळलं. फेब्रुवारीत डोळ्यांच्या ऑपरेशनचं शिबिर आलं तेव्हा हौसाबाईने त्याला हाताला धरून नेलं आणि गावाला सांगितलं, गुडघा दाखवायला चाललोय. पट्टी सुटल्यावर त्याने पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं म्हणे, आणि म्हणाला, "केस कवा पिकलं गं तुझं?" ती म्हणाली, "तुमी म्हशीला राजा म्हनत व्हता तवा." पुढच्या हिवाळ्यात तो परीक्षेला बसला. वीसपैकी वीस. पण नाव घेण्याआधी त्याचा कान काठाकडे जायचाच.

हे सगळं मी आमच्या ऋजुताला, म्हणजे माझ्या मुलीला, परवा कोंढारवाडीच्या वाटेवर सांगत होतो. गाडी ती चालवत होती. मी तीन वर्षांपासून चालवत नाही. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं सांगितलंय, पण मला सगळं व्यवस्थित दिसतं आणि ऑपरेशनची काही घाई नाही, हे मी तिला निदान वीसदा बजावलं होतं. तेच एकदा दाखवून द्यावं म्हणून तर मी तिला पाखरं बघायला घेऊन निघालो होतो.

लहानू आता ऐंशीच्या घरात आहे. जाड चष्मा लावून घाटावर बसला होता. हौसाबाईंचे केस पांढरेशुभ्र झालेत. वल्हं मात्र अजून त्यांच्याच हातात, आणि खांद्यावर तोच बिल्ला, रंग उडालेला. दोघंही आमच्याबरोबर होडीत बसले.

मी सुरुवातीपासून ऋजुताला एकेक सांगत होतो. आवाजावरून ओळखता येतं, जागेवरून ओळखता येतं; तीस वर्षं या पाण्यावर येणाऱ्या माणसाला काय अवघड. लहानू मधून मधून "व्हय, व्हय" म्हणत होता. बाभळींच्या खोडांजवळ आलो तेव्हा डावीकडे मला एक लांब फिकट रेघ दिसली आणि मी ऋजुताकडे वळून तिला रोहितांची सगळी माहिती दिली. कुठून येतात, काय खातात, पिल्लं राखी का असतात. बोलता बोलता होडी सावकाश फिरत होती. मी काही लहानू नाही, गालावरचं ऊन मला कळत नाही.

"आणि आता ती रांग बघ," मी डावीकडे हात करून म्हणालो. "ती गुलाबी झाक. मान कशी वाकवून खाताहेत ते बघ."

"बाबा," ऋजुता म्हणाली, "त्या मेंढ्या आहेत. पाणी पिताहेत."

हौसाबाईंनी उजव्या काठावर दोनदा ठोकलं आणि मूठ घासली. मी मान उजवीकडे वळवली.

"रोहित," मी म्हणालो.

"बराबर," लहानू म्हणाला. "पर बिल्ला न्हाई देत आमी. पयलं डोळं करून या. अर्ध्या तासाचं काम हाय, सर. घाबरायचं काय त्यात?"

सव्वीस वर्षं त्याने ते वाक्य जपून ठेवलं होतं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. हौसाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यांनीच होडी फिरवली होती आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्नही केला नाही.

घाटावर उतरताना पायरी माझ्या अंदाजापेक्षा एक वीत खाली निघाली. मी अडखळलो आणि पटकन ऋजुताचा खांदा धरला.

"काही नाही," मी म्हणालो. "जरा गुडघा धरलाय."

"कंचा, सर?" लहानूने विचारलं.

मी डावा म्हणायला तोंड उघडलं आणि मग मलाच हसू आवरेना. ऋजुताने फोन काढून दवाखान्याचा नंबर लावला, आणि मी तिला गुरुवारची तारीख घ्यायला सांगितली.